नावावर अडकलेली राणी

सन १९८४. मी सेहेचाळीस वर्षांचा होतो, आणि आठवडाभराच्या रात्रपाळीने पार पिळून निघालो होतो. विक्रोळीच्या एका कारखान्यात पत्र्याचे डबे दाबायच्या मशीनवर काम. रविवारी सकाळी सुटलो तो घरी येऊन नुसता पडून राहिलो. झोप काही लागली नाही. संध्याकाळी आमच्या घाटकोपरच्या मंडळाच्या कॅरम स्पर्धेची फायनल होती आणि एका बाजूला मी होतो.

शाळा माझी चौथीतच सुटली. त्यामुळे लिहिताना चुकलं तर चुकलं. कॅरममध्ये मात्र माझी चूक काढणारा घाटकोपरात तेव्हा कुणी नव्हता, आणि हे मी आजही कुणाला विचारून लिहीत नाही.

ही स्पर्धा माझी शेवटची, हे मला माहीत होतं. मशीनवर वर्षानुवर्षं दांडा ओढून उजव्या हाताचं मधलं बोट आखडायला लागलं होतं. सकाळी उठलं की ते सरळ व्हायला चहा होईपर्यंत वेळ घ्यायचं. कामगारांच्या दवाखान्यातला डॉक्टर म्हणाला, "मामा, गरम पाण्याने शेका आणि खेळाचं विसरा." शेकलं. विसरणं जमलं नाही. घरात बायकोला सोडून कुणाला सांगितलंही नाही.

समोर होता ट्रॉम्ब्याचा कोळी. माझ्याच वयाचा, काळा, रुंद, बोटं जाळं ओढून दोरखंडासारखी झालेली. पण त्याच बोटांनी स्ट्रायकर असा सोडायचा की सोंगटीला लागल्याचा आवाजही यायचा नाही. आमची ओळख स्पर्धांतलीच. मुलुंडला भेटायचो, चेंबूरला भेटायचो, एकमेकांचा खेळ मागे उभं राहून बघायचो. पण कधी तो आधी हरायचा, कधी मी. फायनलला समोरासमोर आम्ही एकदाही आलो नव्हतो. "कवा बसशील रं माज्यासमोर?" असं तो दरवेळी विचारायचा. या वेळी बसणार होतो. एवढ्यासाठी मी ते बोट वाचवून ठेवलं होतं.

लोकांना वाटतं, खेळणारा कपासाठी जातो. कप पत्र्याचाच असतो, आणि पत्रा मी आठवडाभर बघत होतो. आम्हाला हवा असतो सपाट बोर्ड, डोक्यावर न हलणारा दिवा, आणि समोर असा माणूस की ज्याच्याकडून हरलं तरी घरी जाऊन जेवण जाईल. पंच जागा असला तर उत्तमच. हारतुरे नकोत, भाषण नको. पण स्पर्धा भरवणाऱ्याला नेमकं भाषणच हवं असतं. यात कुणाचा दोष म्हणू? त्यांना वर्गणी काढायची असते, आम्हाला सोंगट्या काढायच्या असतात.

फायनल चारची होती. पाहुणा म्हणून एक बिल्डर शेट यायचे होते, ते आले दिवेलागणीला. तोवर आम्ही दोघं बाकावर बसून घाम पुसत होतो. मे महिना. कोळी म्हणाला, "मना पाटेला पाण्यावर जायाचं हाय. हा शेट काय पोहत येतंय?"

शेट आले, नारळ फुटला, भाषण झालं. मग दोन पोरांनी नवा कोरा बोर्ड आणून टेबलावर ठेवला. त्यावरचा कागद शेटच्या हातून काढला. टाळ्या वाजल्या.

मी बघतच राहिलो. मधल्या गोलाच्या भोवती, खेळायच्या जागेवर, लाल ऑइल पेंटने लिहिलं होतं, 'सप्रेम भेट', आणि खाली शेटचं पूर्ण नाव. देवळातल्या पंख्यावर लिहितात, शाळेच्या बाकावर लिहितात, तसं. पेंटरने मन लावून लिहिलं होतं, अक्षरं जाड. बोट फिरवलं तर कडा लागत होत्या.

मी सेक्रेटरीला बाजूला घेतलं. "जुना बोर्ड कुठाय?"

"कॅन्टीनला दिला. टेबल कमी पडत होतं."

"तोच आणा. सगळी स्पर्धा त्याच्यावर झाली."

"काका, त्याच्यावर आता वडे मांडलेत. आणि शेट बसलेत समोर. बसा ना, खेळून तर बघा."

मी एकदा कोळ्याकडे बघितलं आणि बसलो. सोंगट्या फुटल्या. पहिल्या चार-पाच घेतल्या, कडेकडेच्या होत्या. मग राणी आली. माझ्या उजव्या हाताला, डावीकडच्या कोपऱ्यावर सरळ रेघेत. डोळे मिटून जाईल अशी. बोट ठणकत होतं, तरी मारली. सरळ गेली, 'भेट'च्या 'भ'वर चढली, जरा डुगडुगली आणि तिथेच बसली.

मागून कुणीतरी ओरडलं, "राणीला शेट आवडला रे!"

सगळे हसले. शेटही हसले. मी स्ट्रायकर उचलला, खिशात टाकला आणि उभा राहिलो.

सेक्रेटरी धावत आला. "काका, असं काय करता?"

"पुसा आधी ते."

"ऑइल पेंट आहे तो! आणि भेट देणाऱ्याचं नाव असं त्याच्यासमोर पुसतात का?"

"मग पाठीमागे लिहायचं."

"पाठीमागचं फोटोत दिसतं का?"

कोळी बसल्या जागेवरून म्हणाला, "बस रं. माजी पन तिथंच अडकंल. दोगांना सारखंच हाय ना?"

"सारखंच वाईट," मी म्हणालो.

बसलो नाही. पंचाने घड्याळ बघितलं, सेक्रेटरीने शेटकडे बघितलं, आणि कोळ्याला विजयी म्हणून जाहीर करून टाकलं. फोटो निघाला. कप हातात धरून तो असा उभा होता, जसं कुणाचं तरी मूल सांभाळायला दिलंय आणि आई येत नाही.

फाटकाशी मला गाठलंच त्याने. मला वाटलं, शिव्या घालेल. हळू बोलला, तेच जास्त लागलं. "इतकी वरसं वाट बगितली, नि तू उठलास. तुजा मान ऱ्हायला. मना काय, हा डबा?" आणि कप पिशवीत कोंबून बस पकडायला निघून गेला.

मी चुकलो असं मला तेव्हा वाटलं नाही, आजही वाटत नाही. पण त्याचं बोलणंही खोटं नव्हतं. माझ्या बोटाचं त्याला माहीत नव्हतं. पुढच्या वर्षी बसू, असं त्याला वाटत असेल. मला पुढचं वर्ष नव्हतं.

तसाच कॅन्टीनमध्ये गेलो. वडे संपले होते. बोर्डावर वर्तमानपत्र पसरलं होतं, ते उचललं. तेल एका कोपऱ्यात उतरलं होतं, बाकी ठीक. सेक्रेटरीला म्हणालो, "हा नेतोय. नवा आहेच तुम्हाला." तो रागावला होता, म्हणाला, "न्या, न्या. जाळा नाही तर काय करायचं ते करा." सोंगट्यांचा डबाही घेतला. बोर्ड डोक्यावर घेऊन घरी आलो.

बायको दारातच. "कप आणायला गेला होता ना? हे काय आणलंत?"

"बोर्ड."

"दिसतंय मला. झोपायचं कुठे आता, ह्याच्यावर?"

भिंतीला टेकवायच्या आधी तेलाच्या कोपऱ्यावर बोरिक पावडर मूठभर दाबून ठेवली. तेल ओढून घेते ती. मग जेवलो की नाही आठवत नाही, पडलो तिथेच झोपलो.

दुसऱ्या दिवशी सोमवार, माझी पहिली पाळी. मी खाडा केला. पावडर झटकली, कोरड्या फडक्याने बोर्ड घासला, बोट गरम पाण्यात धरलं. पाणी बायकोनेच तापवून ठेवलं होतं. बोर्ड घेऊन ट्रॉम्ब्याच्या बसमध्ये चढलो. कंडक्टर म्हणाला, "ह्याचं पण तिकीट लागेल."

"फाड. खिडकीची जागा दे मग त्याला."

ट्रॉम्ब्याला उतरलो तेव्हा अंग मोडून आलं होतं. धक्क्यावर एका म्हातारीला कोळ्याच्या होडीचं विचारलं. "पानी भरलं का येतीन," एवढंच तिने सांगितलं आणि सुकट पसरत राहिली. दोन टोपल्या उपड्या घातल्या, त्यावर बोर्ड ठेवला, सपाट आहे का ते डोळा लावून बघितलं. वारा होता, म्हणून भिंतीच्या आडोशाला सरकवला. मग खाली चिखलावर पाणी चढायची वाट बघत बसलो. डोळे सारखे मिटत होते.

होड्या आल्या. तो गुडघाभर पाण्यातून टोपली घेऊन वर आला, मला बघून थांबला. बोर्ड बघितला. टोपली म्हातारीपुढे ठेवली.

"कप देनार नाय हां परत," तो म्हणाला.

"मागतंय कोण? हात धुऊन ये. वास मारतोयस."

तो धुऊन आला, लुंगीला हात कोरडे केले. मी सोंगट्या मांडल्या, राणी मधे ठेवली, बोट एकदा मुठीत दाबून सोडलं आणि स्ट्रायकर त्याच्याकडे सरकवला.