पाचोऱ्याच्या कोठीतली काळी बियर

सरळच सांगते, हा प्रवास मी बियरसाठी केला. देवदर्शन, लेणी, नातेवाईक असलं कुठलंही निमित्त नव्हतं.

दीड वर्षापूर्वी मी आणि ऑफिसातला मित्र निलेश, दोघांनी माझ्या नाशिकच्या स्वयंपाकघरात काळी, जड बियर केली होती. अशी बियर लगेच प्यायची नसते, लोणच्यासारखी बाटलीत मुरू द्यायची असते. माझा वाटा दिवाळीच्या आतच संपला, आमच्याकडे पाहुणे फार. बियर केली तेव्हाच निलेशला मस्कतला नोकरी लागली. जाताना त्याने त्याच्या बाटल्या पाचोऱ्याला आईकडे ठेवल्या आणि बजावलं, मी येईपर्यंत कुणी पिऊ नका, फेकू नका. गेल्या महिन्यात त्याचा मेसेज आला, ‘सुट्टीवर येतोय. तुझ्याशिवाय एकही उघडणार नाही.’ असं आमंत्रण कोण सोडेल?

जानेवारीतल्या शनिवारी सकाळी गाडी काढली. नाशिक ते धुळे रस्ता उत्तम, फास्टॅगमध्ये पैसे तेवढे ठेवा. धुळ्यात शेवभाजी खाल्ली. ‘कमी तिखट’ असं सांगितलं, तर वेटर म्हणाला, “ताई, हे कमीच आहे.” डोळ्यांतून पाणी येईपर्यंत खाल्लं आणि वर ताक मागवलं. पुढे पारोळ्याहून भडगावकडे वळल्यावर कापसाने फुगलेले ट्रक आणि खड्डे, दोन्हींची सवय ठेवा. मे महिन्यात इकडे यायचा विचारही करू नका, इथलं ऊन माणसाला भाजून काढतं.

निलेशचं घर गावाच्या कडेला आहे. दारातच त्याच्या आई भेटल्या. त्यांना सगळी आळी अक्का म्हणते, मीही म्हणाले. “ये वं पोरी, जेवन व्हयनं का?” म्हणत त्यांनी थेट अंगणात बसवलं. तिथे कापसाच्या पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजणं चालू होतं. हिरवी मिरची, कांद्याची पात, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ते भरीत! एवढ्यासाठीसुद्धा अडीचशे किलोमीटर यावं. निलेशचं मात्र खाण्यात लक्ष नव्हतं. या बियरवर त्याने मस्कतमध्ये काय काय मनोरे रचले होते. परत आल्यावर हाच धंदा करायचा, लायसन्स काढायचं, आणि ही बियर त्याची पहिली परीक्षा.

जेवणं झाल्यावर तो कोठीत गेला आणि धान्याच्या कणग्यांमागून बाटल्या घेऊन आला. तारेचा चाप असलेल्या झाकणाच्या त्या बाटल्या मीच आणल्या होत्या. अशी बाटली उघडताना ठप्प असा आवाज व्हायला हवा. निलेशने चाप उघडला. काहीच आवाज नाही. ग्लासात ओतली तर फेसाचा पत्ता नाही, गार झालेला कोरा चहा वाटावा. मी घोट घेतला. भिजलेला पुठ्ठा आणि आंबटपणा. दुसरी उघडली, तीच गत. तिसरी, तीच. निलेशचा चेहरा पांढरा पडला.

“झाकणं सैल होती का?” मी विचारलं.

उत्तर दारातून अक्कांनी दिलं. “घट्ट शेतस. रोज सकायले उठीसन वारा काढस ना मी.”

 रोज सकाळी, प्रत्येक बाटलीचा गॅस काढून टाकलेला! मला हसावं की रडावं कळेना. निलेशचा आवाज चढला. “माय, हाई कोनी सांगं तुले?”

“एक फुटनी ना उन्हायामा,” अक्का म्हणाल्या आणि त्यांनी भुवईवर बोट टेकवलं.

तिथे जाड व्रण होता. मी आल्यापासून तो पाहत होते, पण विचारायचं कसं म्हणून गप्प होते. निलेशला त्यांनी फोनवर न्हाणीत पाय घसरला म्हणून सांगितलं होतं. खरं म्हणजे काच घुसली होती, टाके पडले होते. “डोया वाचना ना, बस,” त्या म्हणाल्या. “तुले सांगीसन काय व्हतं? तठे तू एकलाच.”

“मग फेकायच्या होत्या ना, अक्का!” मी म्हणाले.

“ठेवजो म्हने ना तो. फेकू कशी?”

आणि वारा कसा काढतात ते त्यांनी करूनच दाखवलं. खुंटीवरचं निलेशचं जुनं हेल्मेट काढलं, पदरावरूनच डोक्यात घातलं, काच खाली ओढली, उकिडव्या बसल्या, बाटलीला टॉवेल गुंडाळला आणि मान मागे करून चाप उघडला. मला हसू फुटलं आणि तिथेच अडकलं.  बियर नीट आंबून संपायच्या आत बाटलीत बंद केली की आत गॅस साठत जातो आणि बाटली बॉम्ब होते, हे आम्हाला पाठ होतं. निलेशचं मस्कतचं तिकीट आलं होतं, म्हणून आठवडाभर आधीच त्याने बाटल्या भरल्या होत्या.

अक्कांनी हेल्मेट काढलं, घाम पुसला आणि विचारलं, “बरी व्हयनी का?”

निलेशने ग्लास तोंडाला लावला, सगळा संपवला. “बरी व्हयनी, माय.”

सकाळी चहाला उठले तर कोठीतून चापाचा आवाज आला. अक्का हेल्मेट घालून उरलेल्या बाटल्यांसमोर बसल्या होत्या. बियर बरी झाली म्हटल्यावर त्यांनी काम थांबवायचं कारणच नव्हतं. निलेश माझ्या मागून आला, आईपुढे बसला आणि तिच्या डोक्यावरून हेल्मेट उतरवलं.

“माय, ती बिघडी गई. तुन्हामुये नहीं. मीच घाई करी.”

अक्कांनी उठून हेल्मेट खुंटीला अडकवलं. आम्ही सगळ्या बाटल्या मोरीत ओतल्या. परतताना अक्कांच्या सांगण्यावरून जळगावला वळसा घालून केळ्याचे वेफर्स घेतले. वेफर्स झकास आहेत, दोन पाकिटं जास्तच घ्या.

घरी येऊन आता दोन आठवडे झाले, निलेशही मस्कतला परत गेला. बियर मुरवताना धीर कसा धरावा यावर इथे लिहायचं ठरवलं होतं, ते काही जमलं नाही. डोळ्यापासून बोटभर अंतरावरचा तो व्रणच सारखा दिसतो. परवा अक्कांचाच फोन आला. वेफर्स आवडले का, तब्येत कशी, असं बोलून झालं. मी म्हणाले, “बरं झालं ना अक्का, आता सकाळची कटकट गेली.”

 त्या म्हणाल्या, “बाटल्या व्हत्यात तवय त्या कशा शेतस ईचाराले त्याना रोज फोन ये.”

 फोन ठेवला आणि लगेच मस्कतला लावला. निलेश उत्साहात होता, पुढची बियर कधी करायची विचारत होता. म्हटलं, ते राहू दे, तू आधी आईला फोन लाव.