सिंधूची पडद्याची प्लेट

मी तोंडाची फटकळ, हे सगळ्या कचेरीला माहीत. सत्तावीस वर्षं टाइपरायटर बडवला, साहेबांनाही ऐकवायचं कधी सोडलं नाही. आणि जिथं खरोखर तोंड उघडायला हवं होतं, तिथंच माझी दातखीळ बसली. ही गोष्ट सिंधूची.

सिंधू इंदोऱ्याच्या वस्तीतली. बाप मिलमध्ये, आई विड्या वळायची. छप्पन सालच्या धम्मदीक्षेला आई दीड महिन्याच्या सिंधूला पोटाशी धरून गेली होती. सिंधू हे मोठ्या तोऱ्यात सांगायची. आमच्या सिव्हिल लाइन्समधल्या कचेरीत शहाऐंशी साली कॉम्प्युटर आला, तेव्हा तो चालवायला तिला घेतलं, तेही एकोणनव्वद दिवसांच्या ऑर्डरवर. नव्वदावा दिवस भरू द्यायचा नाही, म्हणजे कायम करायला नको. एक दिवस घरी बसवायचं आणि नवी ऑर्डर काढायची. असं पाच वेळा झालं होतं.

कॉम्प्युटरच्या खोलीत चपला बाहेर काढून जावं लागे. मी दारातून ओरडायची, "काय वं सिंधू, उघडलं का तुझं देऊळ?"

"या ना ताई, पण नारळ नका आणू," ती हसून म्हणायची.

मशीन सुरू करायच्या काळ्या, चौकोनी फ्लॉप्या असत, आम्ही त्यांना प्लेटा म्हणायचो. त्यातली एक पडद्याची. ती आधी घातली तरच पडद्यावर मराठी दिसे. नाही घातली तर मशीन चाले, आत भरलेली नावांची यादी शाबूत असे, पण मराठी अक्षरांच्या जागी नुसते चौकोन. आणि कंपनीनं असं कुलूप घातलेलं, की त्या प्लेटेची नक्कल काढता येत नसे.

सत्त्याऐंशीचा दसरा. आदल्या दिवशी कचेरीत खंडेनवमीची पूजा. सिंधू दुपारीच घरी गेली, दीक्षाभूमीसाठी तिच्याकडे मौद्याचे पाहुणे उतरायचे होते. जाताना कपाटाची किल्ली माझ्या हातात दिली. "ताई, तुम्हीच ठेवा. दुसऱ्या कोणाले देऊ नका."

आमचे मधुसूदन साहेब म्हणाले, यंदा कॉम्प्युटरचीही पूजा होऊ द्या. झालं! मी कपाट उघडलं, प्लेटा पाटावर मांडल्या. वरच्या, पडद्याच्या प्लेटेला ओलं कुंकू लावलं, बाकीच्यांवर अक्षता टाकल्या. त्या प्लेटेला आतली चकती दिसेल अशी एक लांबट खिडकी असते, बोट टेकवायलाच केल्यासारखी. नेमकं तिथंच लावलं. वर डाग राहू नये म्हणून पदरानं घासून पुसलं आणि पाकिटात घातलं. केवढी ही अक्कल!

सोमवारी सिंधूनं मशीन लावलं, तर पडदाभर चौकोन. बुधवारी मुंबईचे साहेब येणार होते. त्यांना मराठी यादी पडद्यावर दाखवायची, पसंत पडली तर जागा कायम, असं तिला तोंडी कबूल केलेलं. ती प्लेट दहादा काढून घालून बघितली. मग गेल्या वर्षीची जुनी प्लेट शोधून काढली. तिच्यानं अक्षरं आली, पण वेलांट्या एका ओळीत आणि अक्षरं दुसऱ्या.

"मधात पडदा बदलवला ना ताई, जुनी प्लेट याले ओळखूनच नाही राहिली."

पुण्याच्या कंपनीला ट्रंक कॉल लावला. नवी प्लेट टपालानं येईल, आठ दिवस लागतील.

मंगळवारी तिनं प्लेट घालायच्या फटीत स्पिरिटचा कापूस फिरवला. मी चहा घेऊन दारात उभी होते. कापूस गुलाबी होऊन बाहेर आला. ते माझंच कुंकू. ती कापसाकडे बघत राहिली, मग तो मुठीत धरून म्हणाली, "ठेवा ताई चहा."

घरी मी मनाशी हिशेब मांडत बसले. मी सांगावं, तर कपाट मी उघडलेलं, नोकरीची चार वर्षं राहिलेली. तिनं सांगावं, तर किल्ली दुसऱ्याच्या हाती दिली हा तिचाच गुन्हा. वर पूजेनं बिघडलं म्हणायचा अवकाश, चारजण बोलायला टपलेलेच होते, हिला आमची पूजा खुपते म्हणून. पोरीची दोन्हीकडून कोंडी. हे सगळं मला कळत होतं, म्हणून तर माझीच मला चीड येते.

बुधवारी मुंबईचे साहेब चौकोनांकडे बघत म्हणाले, "ही प्लेट कुणाच्या ताब्यात होती?"

"माझ्या."

"आणि किल्ली?"

ती माझ्याकडे बघेल म्हणून मी खिडकीबाहेर पाहू लागले.

"माझ्याजवळच होती साहेब."

दोन हातांवर उभी होते मी. तिच्या नावावर निष्काळजीपणाचा शेरा पडला. शनिवारी ऑर्डर संपली आणि पुढची निघाली नाही.

जाताना ती चपला घालता घालता थांबली. पर्समधून काड्यापेटी काढून माझ्या हातात दिली. आत तो गुलाबी कापूस.

"ताई, पुढच्या दसऱ्याले टाइपरायटरलेच लावा. याले सोसत नाही."

आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं, मी भांडले तरी असते.

पुढच्या आठवड्यात नवी प्लेट आली. पाकीट मीच फोडलं. यादी लख्ख मराठीत उमटली. मधुसूदन साहेब खूश होऊन म्हणाले, "यमुताई, उद्यापासून इथं तुम्हीच बसा."

दुसऱ्या दिवशी मी दारात चपला काढल्या आणि तिच्या खुर्चीवर जाऊन बसले.