कृपया पंखा सुरू करा

ज्या वस्तूला एकही स्क्रू नाही, ती वस्तू मी आपली मानत नाही. पूर्वी बनवणाऱ्याला ठाऊक असायचं, हे कधीतरी बंद पडणार, कुणीतरी उघडून बघणार, म्हणून तो चार कोपऱ्यांत स्क्रू ठेवायचा. हल्लीच्या वस्तू गोंदाने चिकटवून बंद केलेल्या असतात. उघडायला गेलं की कवच तडकतं, आणि फोनवर कंपनीचा माणूस सांगतो, सर, तुम्ही वॉरंटी घालवली. मी घालवली म्हणे! तुम्ही डबा शिवून ठेवला त्याचं काय?

वर्ध्याच्या एका शाळेत मी जन्मभर भूगोल शिकवला. यंत्रांशी माझ्या पोटापाण्याचा काही संबंध नाही, तो निव्वळ नाद आहे. आठवीत असताना वडील शेतावर गेलेले पाहून त्यांचा व्हॉल्व्हचा रेडिओ उघडला, तेव्हापासून माझ्या टेबलावर कायम काही ना काही उघडं पडलेलं असतं. टेपरेकॉर्डर झाले, शिलाई मशीन झालं, भंगारातून उचललेला सिनेमाचा प्रोजेक्टर झाला. निवृत्तीनंतर पत्त्यांच्या जोडाएवढे छोटे संगणकी बोर्ड आले आणि त्यांच्यावर तर मी पुरता फिदा झालो. एवढ्याशा तुकड्यात अख्खा कॉम्प्युटर! डाग देताना सोल्डरचा जो धूर निघतो, त्या वासाने मला जेवढा आनंद दिला तेवढा नातेवाइकांनी दिलेला नाही.

तरी लोक मला ‘जुन्या वस्तूंवाले सर’ म्हणतात आणि त्याचा मला मनापासून राग येतो. सकाळी फिरायला जाणाऱ्या आमच्या टोळक्यात एक जण आहे. जुन्या वस्तू काय दणकट होत्या, हे तो रोज न चुकता सांगतो. त्याने जन्मात एक वस्तू उघडलेली नाही. जुना रेडिओ पावसाळ्यात कसा गुरगुरायचा, ऐन बातम्यांच्या वेळी कसा मान टाकायचा, हे त्याला विचारून उपयोग नाही. दुसरा दर दिवाळीला नवा फोन घेतो, त्याला कॅमेरे किती ते दाखवतो आणि त्या सगळ्या कॅमेऱ्यांनी स्वतःच्या ताटाचा फोटो काढतो. एकाला जुनं पुजायचंय, दुसऱ्याला नवं मिरवायचंय. आत काय आहे ते पाहायची हौस दोघांनाही नाही. घरात काही बंद पडलं की मात्र दोघंही एकाच सुरात येतात, "सर, आमचा टीव्ही गेला." मी म्हणतो, गेला नाही, बंद आहे. गेला असता तर मी सांत्वनाला आलो असतो, पेचकस घेऊन नाही.

माझी बायको आर्वीकडच्या शेतकरी घरातली. तिच्या जिभेला आमची अख्खी गल्ली वचकून असते. भाजीवाल्याने काटा मारला तर ती त्याला जे काही ऐकवते, ते इथे लिहिता येणार नाही. शाळेत शिकवून शिकवून माझी भाषा सपक झाली. तिची झाली नाही. ती लग्नात जशी बोलत होती तशीच आजही बोलते.

गेल्या काही वर्षांत संधिवाताने तिच्या दोन्ही हातांची बोटं वाकली. भिंतीवरचं बटण दाबता येईना. मग ती दोन्ही तळव्यांत लाटणं धरून त्याच्या टोकाने बटणं दाबू लागली. घरभर लाटणं घेऊन फिरायची. दहातली चार बटणं भलतीच दाबली जायची. मला हाक मार म्हटलं की भडकायची.

"पंख्यासाठी तुमाले हाका मारत बसू? मंग पानी प्यायले बी तुमाले इचारू का?"

तिचं म्हणणं एवढंच होतं. स्वतःच्या घरातला पंखा, दिवा, टाकीची मोटर कुणाची मनधरणी न करता तिला लावता यायला हवी होती. तोंड धडधाकट होतं. तेव्हा आवाजावर चालणारं काहीतरी हवं, हे मलाही कळत होतं, पण माझ्याआधी आमच्या मुलाने बाजी मारली.

तो पुण्याला नोकरी करतो. उन्हाळ्यात आला तेव्हा पिशवीतून उलट्या वाटीसारखं दिसणारं एक यंत्र काढलं. मी ते हातात घेऊन सगळ्या बाजूंनी पाहिलं. एकही स्क्रू नाही. त्याने दोन दिवस खपून घरभर जोडणी केली आणि फोनमध्ये खोल्यांची नावं घातली. आमच्या घरात समोरची खोली, मधली खोली आणि सैपाकखोली आहे. त्याच्या फोनमध्ये त्यांचे हॉल, बेडरूम आणि किचन झाले.

मग आईला खुर्ची दिली. वाटीतल्या बाईला तिच्या परदेशी नावाने हाक मारायची, हेही शिकवलं. ती हाक मारून बायको म्हणाली, "समोरचा पंखा लावजो."

"माफ करा, मला ते समजलं नाही," वाटीतली बाई म्हणाली. आवाज असा की नुकताच पाकातून काढलाय.

"काऊन नाई समजलं? पंखा म्हनलं ना मी?"

"माफ करा, मला ते समजलं नाही."

मुलगा हसला. "आई, जरा शुद्ध बोल ना. ‘हॉलमधला पंखा सुरू कर’ असं म्हण. तिला आपलं हे असलं नाही कळत."

शुद्ध! हा शब्द ऐकला की माझं डोकं फिरतं. तूप शुद्ध असतं, फार तर साबुदाणा शुद्ध असतो. हाच मुलगा बारावीपर्यंत याच गल्लीत मले-तुले करत, ‘अबे काऊन बे’ ओरडत क्रिकेट खेळला. चार वर्षं पुण्याचं पाणी प्यायला आणि आईची भाषा त्याला ‘हे असलं’ झाली. तेही हसत हसत म्हणाला, म्हणजे त्याच्या लेखी त्यात काही झालंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी तो पुण्याच्या गाडीत बसला.

मला वाटलं होतं, आठवड्याभरात ती लाटण्याने त्या वाटीचा निकाल लावेल. खरं सांगायचं तर मी वाटच बघत होतो, आत काय आहे ते तरी पाहायला मिळालं असतं. पण तसं झालं नाही.

एका दुपारी मी हिंगणघाटच्या भंगारवाल्याकडून जुना स्टॅबिलायझर घेऊन घरी आलो. दारात चपला काढत होतो तर आतून एका बाईचा आवाज आला. दबका, अदबशीर. मला वाटलं कुणी पाहुणी आलीय.

"कृपया हॉलमधील पंखा सुरू करा."

पंखा लागला. मग तोच आवाज म्हणाला, "धन्यवाद."

हा आवाज मी ओळखतो. हा तिचा बँकेतला आवाज. काचेपलीकडे बसलेल्या मुलाच्या वयाच्या पोरालाही ती ‘कृपया’ म्हणते, कारण तिला धाक असतो की आपला एखादा शब्द चुकेल आणि तो कागद परत फेकेल. तो आवाज तिने आता घरात आणला होता. जिथे तिने उभा जन्म हुकूम सोडले, त्या घरात ती पंख्याकडे विनंती अर्ज करत होती. संतापाने माझे कान तापले.

"हे काय बोलून राह्यली तू?" मी आत जाऊन विचारलं.

ती दचकली. मग माझ्याकडे न पाहता म्हणाली, "मंग काय करू? तिले आपलं समजत नाई. पंखा तं लागते ना."

लागत होता, हेच मला सहन होईना. त्याच दिवशी मी टेबल मोकळं केलं.

वडिलांचा तो आठवीत उघडलेला रेडिओ माळ्यावर होता. त्याच्या लाकडी पेटीत मी नवा बोर्ड बसवला. त्यावर असा प्रोग्राम टाकला की त्याला इंटरनेट लागत नाही, प्रमाण मराठीही लागत नाही. ज्याच्या बोलण्याचे नमुने द्याल तेवढंच तो शिकतो. स्टॅबिलायझरमधले रिले, म्हणजे विजेने आपोआप दाबली जाणारी बटणं, काढून पंख्याला, दिव्यांना आणि मोटरला जोडले. हे रिले टक असा आवाज करतात. नव्या यंत्रांना या आवाजाची लाज वाटते, मला तो फार आवडतो. काम झालं हे सांगायला एवढं पुरतं, त्यासाठी पाकातली बाई कशाला? भिंतीवरची बटणं तशीच ठेवून जिन्यातल्या दिव्यासारखी जोडणी केली, म्हणजे बटणाने लावलेलं पेटीला बंद करता येतं. आणि जुन्या रेडिओंना एक हिरवा डोळा असायचा, स्टेशन नीट लागलं की तो मिटायचा. तोही मी जिवंत केला. आता कुणी बोललं, पेटीला ऐकू आलं, की डोळा मिटतो. समजलं तर टक होतं. ऐकू येणं आणि समजणं वेगळं, हे त्या डोळ्याकडे पाहून कळतं. तो सबंध पावसाळा मी इतक्या मजेत घालवला की बायकोला माझीच काळजी वाटू लागली.

नमुने तिचे. एकच वाक्य तिला पुन्हा पुन्हा बोलावं लागे. सकाळच्या जड आवाजात, कुकरच्या शिट्टीत, मिक्सर चालू असताना. हाक काय मारायची तेही तिनेच ठरवलं, "आयक रे". एकदा मी म्हटलं, आता जरा रागावून बोल.

"त्यासाठी काय येगळा राग आनाव लागते का मले?" ती म्हणाली. "तुमी असेच बसा समोर. येते आपोआप."

पेटी सुरुवातीला चुकायची. हाक ओळखायचं मी अजून शिकवलं नव्हतं, तेव्हा बायको दारात दूधवाल्याला म्हणाली, "दुधात पानी टाकतं का रे?" आणि आत टक होऊन टाकीची मोटर सुरू झाली. ती हसत हसत दाराला टेकली. "पाह्यलं का," ती दूधवाल्याला म्हणाली, "याले बी समजलं तू पानी टाकतं म्हून!" त्या दिवसापासून लाटणं सैपाकखोलीच्या बाहेर आलं नाही. वाटी मी तिच्या खोक्यात घालून माळ्यावर टाकली. खंडेनवमीला बायकोने लाटण्याला सोडून माझ्या सोल्डरिंगच्या दांडीला हळदकुंकू वाहिलं, तेव्हा मला भरून आलं.

दसऱ्याला मुलगा आला. दुपारी पुरणपोळी जेवून आम्ही तिघं समोरच्या खोलीत बसलो. उकाडा असा की बसल्याजागी सदरा चिकटत होता. त्याने सवयीने वाटीतल्या बाईला हाक मारली. कुणी ओ देईना. मी पेटीकडे बोट केलं, आता हे आहे, म्हटलं, ‘आयक रे’ म्हणायचं. ते त्याने टाळलं.

"हॉलचा पंखा सुरू कर."

हिरवा डोळा मिटला, पुन्हा उघडला. टक झालं नाही.

"पंखा सुरू कर," तो मोठ्याने म्हणाला. डोळा पुन्हा मिटला. "बाबा, हे गेलं वाटतं."

"गेलं नाही," मी म्हणालो. "त्याला समजलं नाही."

कोपऱ्यातल्या खुर्चीतून बायको एकदम पाकातल्या आवाजात बोलली, "माफ करा, मला ते समजलं नाही."

मला हसू आवरेना. मुलाचा चेहरा लाल झाला. मग तिने आपल्या आवाजात सांगितलं, "आपल्या बोलीत सांग त्याले. शुद्ध नाई येत त्याले."

काय म्हणायचं ते त्याला ठाऊक होतं. त्याने तोंड उघडलं, माझ्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि तोंड मिटलं. मग तो उठला, भिंतीपाशी गेला आणि बटण दाबलं. एका बोटाने. त्याची बोटं चांगली सरळ आहेत. पंखा लागला, आणि तो येऊन फोन बघत बसला.

बायकोने आपले दोन्ही हात पदराखाली घेतले. त्या ‘धन्यवाद’ने जेवढा राग आला नव्हता तेवढा मला आता आला. उठून त्याला बाहेर काढावं असं वाटलं. पण तिने माझ्याकडे पाहून मान हलवली.

"आयक रे," ती म्हणाली, "समोरचा पंखा बंद कर."

टक. पंखा हळूहळू थांबला. आम्ही तिघं घाम पुसत बसलो. तिच्याही कपाळावरून घाम ओघळत होता, पण ती पेटीकडे बघत राहिली. मुलाने एकदा मान वर केली, पुन्हा फोनमध्ये घातली. मग फोन खुर्चीवर आपटला आणि क्रिकेट खेळून उन्हातून घरात यायचा तेव्हा ओरडायचा तसा ओरडला, "काऊन बंद केला वो आई? गरमी होऊन राह्यली ना मले!"

तिने पदराखालून हात काढले.

"आयक रे," ती पेटीला म्हणाली. "लाव पंखा. पोट्ट्याले गरमी होऊन राह्यली."