काकीने पाहिलेला सीन

मंडळी, आत्ताच पेणहून रोह्याला घरी पोचलेय आणि मन अजून ठिकाणावर नाही.

मी ॲनिमेशन फिल्म दिग्दर्शित करते, त्यातली घरं-गावंही मीच डिझाइन करते. नव्या फिल्ममध्ये माझे काका आहेत, उधाणात मिठागराचा बांध वाचवायला गेले आणि वाहून गेले. फिल्म उद्या निर्मात्यांना द्यायची होती, म्हणून आज आधी पेणला जाऊन काकीला दाखवली.

काका बांधाकडे निघतात तिथे तिने फिल्म थांबवायला लावली. मला वाटलं, आता हा सीन नको म्हणणार.

"ते आपणहून नाय गेले गो," ती म्हणाली. "नको म्हणत होते, मीच पाठवलं. मला पण दाखव, दारात उभी."

हे आजवर घरात कुणालाच माहीत नव्हतं.

मी मुदत वाढवून मागितलीय. पण गाव तिला काय बोलेल, या विचाराने चित्र काढायला हात होत नाही. तुम्ही तिचं ऐकलं असतं?