दगड चाटणारी सून
नव्या पणत्या पाण्यात घातल्या की सुटणारा वास मला अंधेरीच्या पडवीत नेतो. एकोणीसशे पंचावन्नच्या सुमारास नवी सून म्हणून तिथे आले, तेव्हा मी भूगर्भशास्त्रात एम.एस्सी. करत होते. दगड ओला केला की त्यातले कण स्पष्ट दिसतात, म्हणून खाणीतून आणलेला तुकडा एकदा चाटून बघत होते, ते सासूबाईंनी पाहिलं. लगबगीनं त्यांनी देवापुढे साखर ठेवली, माझ्या हातावर कैरीची फोड ठेवली आणि हळूच म्हणाल्या, “माती नको गं खाऊस. कितवा महिना?” मी म्हटलं, “अहो आई, हा माझा अभ्यास आहे.” त्यांचा चेहरा उतरला. मग तोच दगड स्वतः चाटून म्हणाल्या, “चव काहीच नाही की गं! बरं, आधी परीक्षा दे.” पुढे मला खरोखर मातीचे डोहाळे लागले, तेव्हा त्या नव्हत्या, कैरी माझी मीच चिरली.