निवडणुकीचा सिनेमा

"थांबा. माणूस अजून बोलतोय."

हे म्हणताना नानांचा उजवा पंजा हवेत आणि डावा हात व्हीसीआरच्या बटणावर. टीव्हीवरचा गोरा माणूस तोंड उघडं टाकून थरथरत उभा, आणि इकडे नाना तो काय म्हणाला ते आम्हाला मराठीत सांगताहेत. पुरतं सांगून झाल्याशिवाय गाडी पुढे नाही. दीड तासाचा सिनेमा आमच्या भिंगारला साडेतीन तास चालायचा. मध्ये चहा व्हायचा तो वेगळाच.

नानांचं खरं नाव सांगत नाही, का ते पुढे कळेलच. ऐंशी-नव्वदच्या दशकांत नगरच्या नागापूर एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपात ते स्टोअर सांभाळायचे आणि मी लेथवर होतो. साधा पाना मागितला तरी आधी विचारणार, "कशाला?" मग चष्मा कपाळावर चढवून पाना अशा काही हातांनी देणार की जणू मुलगीच देताहेत. इस्त्रीचा पांढरा शर्ट, पन्नाशी उलटलेली, खोलीवर एकटे. कॉलनीतल्या बायकांनी स्थळं सुचवून सुचवून हात टेकले होते. नाना म्हणायचे, "आमची पत्रिका कुणीतरी वाचायला नेली, ती काही परत आली नाही."

रविवारी दुपारी कॉलनीच्या हॉलमध्ये सिनेमा. कॅसेट पुण्याहून नाना आणायचे, आदल्या आठवड्यात दोन-तीनदा बघायचे आणि जाड वहीत प्रत्येक वाक्याचं मराठी लिहून काढायचे. पोराबाळांची काळजीही तेच घ्यायचे. नायक-नायिका जरा जवळ आले, की नाना पंचा पसरून टीव्हीपुढे उभे. "ह्या दोघांचं ठरलं," एवढंच सांगायचे. पंच्याच्या मागे काय ठरतंय ते बघायला आम्ही माना किती वाकड्या करायचो, विचारू नका.

एका शनिवारी त्यांनी मला खोलीवर बोलावलं. कॅसेट एका परदेशी नगरसेवकाच्या आयुष्यावर होती. पुरुषावर प्रेम करणारा पुरुष. ते लपवून न ठेवता भर सभेत सांगायचा, आणि तसं सांगूनच निवडणुकीला उभा राहायचा. नाना म्हणाले, "सहा वेळा बघितला. वही लिहून तयार आहे. पण उद्या तोंडातून निघेल का, देव जाणे. तू पुढे बस. एक तरी आपला माणूस समोर असू दे."

मी म्हटलं, "त्यात काय, बसतो की."

आता गंमत बघा. हॉलबाहेरच्या फळ्यावर नानांनी लिहिलं होतं, "निवडणुकीचा सिनेमा. एका नगरसेवकाची खरी गोष्ट." आणि शेजारच्या गावात ग्रामपंचायतीची धामधूम चाललेली! एक उमेदवार सहा कार्यकर्ते घेऊन हजर. फेटा, वही, पेन. "नाना, मतं कशी फिरवायची तेवढं नीट सांगा बरं का, आमी लिहून घेतो." हॉल कधी नव्हे तो भरला.

नाना गडबडले. पहिला अर्धा तास त्यांनी चक्क थापा मारल्या. म्हणे, हा माणूस भाडेकरूंसाठी लढतोय. घरात त्याच्याबरोबर राहणारा, त्याचा टाय नीट करणारा माणूस आला, तेव्हा पुढच्याच रांगेतल्या काकूंनी विचारलं, "हा कोण? भाऊ का?"

"भाऊ," नाना म्हणाले. वहीत तसं लिहिलेलं नव्हतं. मला ठाऊक होतं.

मग ती सभा आली. नगरसेवक माइकसमोर उभा राहिला, बोलला, आणि नानांचा पंजा वर गेला. गाडी थांबली. आम्ही वाट बघतोय. नानांनी वहीची पानं मागे उलटली. शेवटी ते आमच्याकडे वळले.

"मी तुम्हाला खोटं सांगितलं. तो भाऊ नाही. कॅसेट मागे घेतो, पहिल्यापासून सांगतो."

आणि सांगितलं हो! एक वाक्य गाळलं नाही. दोघांनी मिठी मारली तेव्हा सगळ्यांचे डोळे पंच्याकडे, पण पंचा खुर्चीवर तसाच पडून. मागे कुणीतरी फिदीफिदी हसलं. चार घरं उठून गेली. उमेदवार मात्र हलला नाही.

"पर ह्यो निवडून आला का न्हाई?"

"दोनदा पडला. मग आला."

"हे समदं सांगून?"

"सांगून."

त्यानं वही मिटली. "मंग गडी लई दमाचा हाय."

सिनेमाचा शेवट वाईट होता, त्या नगरसेवकाला गोळ्या घालतात. तोही नानांनी पुरता सांगितला. टीव्ही बंद झाल्यावर काकू म्हणाल्या, "नाना, हे असलं आम्हाला दाखवावंसं का वाटलं तुम्हाला?"

नाना म्हणाले, "कारण काकू, हे माझंही आहे. मीही तसाच आहे."

ते बोलताना त्यांनी माझ्याकडे बघितलं. कबूल केल्याप्रमाणे मी पुढेच बसलो होतो. पण मी काय करत होतो म्हणाल, तर चपलेचा अंगठा नीट करत होतो.

हॉलच्या कमिटीत आम्ही पाच जण. अध्यक्ष म्हणाले, "आपलं काही म्हणणं नाही हो, पण लहान मुलं येतात." सिनेमा बंद करून नानांनी हॉलची किल्ली परत द्यावी, असं पत्र फिरलं. चौथी सही माझी. माझीही मुलं होती, मलाही चारचौघांत राहायचं होतं, अशी कारणं मी तेव्हा मनात पाठ केली. आज त्यातलं एकही कामाचं वाटत नाही. नानांनी दुसऱ्याच दिवशी किल्ली दिली. वर्कशॉपात स्टोअरच्या खिडकीवर कुणीतरी खडूनं घाण लिहायचं आणि नाना रोज सकाळी फडक्यानं ते पुसून कामाला लागायचे. तीन महिन्यांनी त्यांनी राजीनामा दिला.

नाना गाव सोडून निघाले त्या दिवशी माळीवाडा एसटी स्टँडवर मी पोचलो तेव्हा ते पुण्याच्या गाडीत बसलेले. शेजारी पिकल्या मिशांचे एक गृहस्थ, मांडीवर व्हीसीआरचं खोकं. नानांनी खिडकीतून ओळख करून दिली, "हे आमच्या घरचे. पुण्याला पोस्टात आहेत."

गृहस्थांनी हात जोडले. "तुम्ही लेथवाले ना? हे फार बोलतात तुमच्याबद्दल. चांगलंच बोलतात."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हटलं, "नाना, ते पत्र..."

"वाचलं. सही छान आहे तुझी." आणि खरंच हसले. राग असता तर बरं झालं असतं.

कंडक्टरनं घंटी दिली. सतरा वर्षं ज्या माणसाबरोबर डबा खाल्ला, त्याला मी एकदाही घरी जेवायला बोलावलं नव्हतं. हे मला तेव्हा, गाडी हलताना कळलं. मी खिडकीबरोबर धावायला लागलो.

"नाना, घरी या जेवायला! दोघंही या!"

"काय करशील?"

"शेंगोळे!" मी ओरडलो. अख्ख्या स्टँडनं वळून बघितलं. "हुलग्याचे शेंगोळे! दोघंही या!"

गाडी वळली. ऐकू गेलं की नाही, कोण जाणे.