पाण्याचं पाणी

एटापल्लीच्या पुढे, बांडिया नदीच्या वळणावर एक लहानसं माडिया गाव होतं. सोमारी तिथली. नवरा जाऊन चार वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. ती फारशी बोलत नसे. मोहाची दारू मात्र तिच्यासारखी कोणी गाळत नसे. लग्न असो, मयत असो, देवाचं काही असो, हंडी तिच्याच चुलीवर चढायची.

१९५४ च्या हिवाळ्यात नदीकाठी पाच तंबू लागले. दगडांत अणुइंधनाचा धातू सापडतो का, हे शोधायला सरकारी माणसं आली होती. दिवसभर ती डोंगरात हिंडत आणि संध्याकाळी पोत्यांतून काळे दगड आणत. सगळ्यात शेवटच्या तंबूत गुणवंतराव बसत. ते नागपूरचे रसायनतज्ज्ञ, वय चाळिशीचं, चष्मा दोऱ्याने बांधलेला. बाटल्या आणि भांडी धुवायला त्यांनी सोमारीला ठेवून घेतलं.

तिला ते काम आवडलं. सकाळी नदीवरचं धुकं तंबूत शिरे आणि बाटल्यांच्या रांगा अर्ध्या दिसत, अर्ध्या नाहीशा होत. गुणवंतराव दगड कुटत, तेजाबात उकळत, गाळून घेत. मग नाकाला झोंबणाऱ्या नवसागराच्या अर्काचे थेंब त्यात सोडत. पाणी गढूळ होई आणि हळूहळू काहीतरी तळाशी बसू लागे. बसायला तास लागत. सोमारी हातातलं काम सोडून ते पाहत राही.

"पिवळं यायला पाह्यजे, बाई," गुणवंतराव म्हणत. "हळदीपेक्षा उजळ. ते धुवून, वाळवून मुंबईले पाठवायचं. तिथी त्याच्यावर आणखी लई सोपस्कार होतात, मंग कुठी त्याचं इंधन होते."

पण पिवळं येत नव्हतं, विटकरी गाळ येत होता. नागपुराहून आणलेल्या शुद्ध पाण्याच्या काचेच्या बरण्या बैलगाडीतच फुटल्या होत्या. नदीच्या पाण्यात लोखंड आणि चुना. दगडातलं लोखंड काढून टाकावं, तर धुवायच्या पाण्यातून पुन्हा येई. नव्या बरण्या यायला महिना लागणार होता आणि तंबू वीस दिवसांत उठणार होते.

तीन दिवस गुणवंतराव नुसते बसून होते. चौथ्या दिवशी सोमारी तंबूच्या दारात उभी राहिली.

"साहेब, पाण्याले वर चढवलं तं?"

"म्हणजे?"

"मोहाले चढवतो तसं. वाफ वर जाते, थंड झाली का उतरते. घाण हंडीतच राह्यते."

गुणवंतराव ताडकन उठले. मग म्हणाले, "तुमच्या हंडीले मोहाचा वास असंल ना पण."

"नवी घेऊ ना."

नदीच्या वाळूत तिने तीन दगडांची चूल मांडली. नवी हंडी, तिच्यावर दुसरी, सांधे चिखलाने लिंपलेले. वाफ उतरायला ती बांबूची नळी लावत होती, पण गुणवंतराव म्हणाले की बांबूचा रंग पाण्यात येईल. त्यांनी आपली काचेची लांब नळी दिली आणि खाली नदीच्या गार पाण्यात काचेची बरणी ठेवली. आच कमी करायची कधी, लाकूड ओढायचं कधी, ते सोमारी हंडीच्या आवाजावरून ठरवी. थेंब पडू लागला. मग दुसरा.

पहिल्या दिवशीच्या पाण्यात, क्षार उरलेत का ते बघायला, गुणवंतरावांनी चांदीच्या औषधाचा थेंब टाकला तर दुधासारखा ढग आला. सोमारीने ते पाणी ओतून दिलं. दुसऱ्या दिवशी ढग पुसट आला. तिसऱ्या दिवशी आलाच नाही.

त्याच सकाळी पत्रू नाकेदार आला. जंगलखात्याचा जुना माणूस, खाकी कोट घातलेला. लांबून धूर बघूनच तो तरातरा उतरला होता.

"दिवसाढवळ्या भट्टी! आन् थेबी साहेबाच्या तंबूपाशी! उठ सोमारी, हंडी फोडतो मी."

सोमारी उठली नाही. तिने बरणीतलं थोडं पाणी पळसाच्या पानाच्या द्रोणात ओतून त्याच्यासमोर धरलं. "चाखून पाहा, भाऊ."

पत्रूने घोट घेतला. पुन्हा घेतला. "हे तं पाणी आहे."

"पाणीच आहे."

"मंग पाण्याचं पाणी काऊन करून राह्यली तू?"

गुणवंतराव हसत बाहेर आले. सोमारीही हसली. गावातल्या कोणी तिला चार वर्षांत हसताना पाहिलं नव्हतं. पत्रू तिथेच चुलीपाशी शेकत बसला आणि दुपारपर्यंत हलला नाही.

दोन दिवसांनी लोखंडाचा लाल गाळ वेगळा निघाला. वरचं नितळ पाणी गुणवंतरावांनी दुसऱ्या भांड्यात घेतलं, उकळलं, थेंब सोडले. आधी काहीच झालं नाही. मग पाण्याच्या मधोमध एक पिवळा धूर उमलला, पसरला, आणि इतक्या सावकाश खाली येऊ लागला की सोमारीला वाटलं, आपणच वर वर चाललोय. तंबूच्या कापडातून ऊन झिरपत होतं. ती किती वेळ उभी होती, तिला कळलं नाही. तळाशी बसलं ते चिमूटभरच होतं.

ती चिमूट मुंबईला गेली. तंबू उठायच्या आदल्या दिवशी तारेने उत्तर आलं की धातू आहे, पण फार थोडा, खणण्याजोगा नाही. तंबू उठले.

"वाईट वाटते का, भाऊ?" तिने गुणवंतरावांना विचारलं. साहेब म्हणायचं तिने केव्हाच सोडलं होतं.

"नाई," ते म्हणाले. "आपलं पिवळं साफ होतं. दगडच गरीब निघाला."

पुढच्या उन्हाळ्यात लाकडाच्या ठेकेदारांचे ट्रक एटापल्लीपर्यंत येऊ लागले. बॅटरीत घालायला शुद्ध पाणी लागे, ते चांद्याहून आणावं लागे. गुणवंतराव जाताना काचेची नळी आणि बरणी सोमारीकडेच ठेवून गेले होते; पत्रूने एका ड्रायव्हरला तिच्या चुलीचा रस्ता दाखवला. मग सगळेच येऊ लागले. पाण्याच्या बदल्यात ते मीठ, लुगडं, गूळ देत. सहा वर्षं ती पाणी गाळत होती.

एका हिवाळ्यात सुकलू ड्रायव्हरने तिला आलापल्लीचा बाजार दाखवायला ट्रकमध्ये पुढे बसवलं. ती आयुष्यात प्रथमच मोटारीत बसत होती. सागाच्या रानातून रस्ता धुक्यात जात होता. झाडं येत होती आणि विरत होती. अर्ध्या वाटेत तिला झोप लागली. आलापल्ली आली तरी सुकलूने तिला उठवलं नाही. ट्रक सावलीत उभा केला आणि ती जागी होईपर्यंत तो खाली विड्या ओढत बसला.